न मागितलेले विद्यादान

ज्या सभेने आपणांस सन्मानाने बोलाविले तिच्याच तोंडावर तिच्या कार्याचा निषेध करणारे वक्ते फार थोडे. आणि तो निषेध पुढे आपल्या शिबिरांतून वाचावयास लावणाऱ्या संस्था त्याहूनही थोड्या. इव्हान इलिच याने २० एप्रिल १९६८ रोजी केलेल्या एका भाषणाला हे दोन्ही योग लाभले. श्रोते होते अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थी. उन्हाळ्याच्या सुटीत मेक्सिकोच्या खेड्यांत जाऊन तेथील दरिद्री लोकांत सेवा करावयाची, असा त्यांच्या परिषदेचा उपक्रम होता. ही मुले बहुतेक मध्यमवर्गातील, धर्मशील आणि उत्साही होती. त्यांना इलिचने सांगितले ते थोडक्यात असे, की तुमच्या येण्याने मेक्सिकोचे नुकसान होते आणि तुम्ही येऊ नये.

भाषण लांब नाही. अर्ध्या तासात वाचून होते. त्याच्या इंग्रजी मथळ्यात सदिच्छांना नरकात धाडलेले आहे. नरकाच्या वाटेवर सदिच्छांचीच फरशी घातलेली असते, अशी इंग्रजीत एक जुनी म्हण आहे. तेव्हा त्या मथळ्यात शिवीही आहे आणि म्हणीची आठवणही आहे. मराठीत ‘चुलीत घाला तुमच्या सदिच्छा’ असे म्हटले तर त्यातला तिरसटपणा उतरतो, परंतु पाद्र्याने नरकाचे नाव घेण्यात जे गांभीर्य आहे ते हरवते. आणि बोलणारा पाद्रीच होता, हे विसरून चालावयाचे नाही.

इलिचचा जन्म १९२६ सालचा, व्हिएन्ना येथला. कॅथलिक धर्मगुरूची दीक्षा घेतल्यावर तो न्यूयॉर्कमधील पोर्तो रिकोच्या स्थलांतरितांत काम करू लागला, पुढे पोर्तो रिकोतील पाँसे येथल्या कॅथलिक विद्यापीठाचा उपकुलगुरू झाला, आणि १९६१ मध्ये मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे त्याने एक केंद्र काढले. लॅटिन अमेरिकेत जाणाऱ्या मिशनऱ्यांना व स्वयंसेवकांना तेथे स्पॅनिश भाषा शिकविली जाई. त्याच सुमारास पोपच्या आज्ञेवरून उत्तर अमेरिकेतील धर्मसेवकांचा दहावा हिस्सा दक्षिणेकडे पाठविण्याची मोठी योजना निघाली होती. तिला इलिचचा कडवा विरोध होता आणि १९६७ मध्ये त्याने तो उघडपणे छापूनही प्रसिद्ध केला. येणाऱ्यांना भाषा शिकवावयाची आणि शिकवता शिकवता त्यांच्यापैकी जितक्यांना परत धाडता येईल तितक्यांना धाडावयाचे, असे हे विलक्षण विद्यालय होते. त्याचा खर्च चाले तो बव्हंशी त्याच परक्यांनी दिलेल्या शुल्कावर. या विसंगतीवरून इलिचला दोष देणारे पुष्कळ झाले. प्रस्तुत लेखकाला तो दोष फारसा वाटत नाही. व्यसनी माणसांच्या पैशावर चालणारे व्यसनमुक्तीचे घर आपण खोटे मानीत नाही.

आता युक्तिवादाकडे वळू. इलिचचे पहिले म्हणणे असे, की हे विद्यार्थी स्वतःस सेवक समजत असले तरी वस्तुतः ते एका राहणीचे फिरते विक्रेते आहेत; आपल्या वागण्याबोलण्यातून, कपड्यांतून, दिलदारपणातूनसुद्धा ते अमेरिकन मध्यमवर्गाचे जीवन त्या खेडुतापुढे मांडतात आणि जे त्याला कधी मिळावयाचे नाही त्याची हाव त्याच्या मनात पेरून जातात. दुसरे म्हणणे असे, की ज्यांची सेवा करावयाची त्यांच्याशी यांचे बोलणेच होऊ शकत नाही. भाषा येत नाही, आणि त्यामुळे आपल्याविषयी लोक काय बोलतात हेही यांना कळत नाही. गावात ज्यांच्याशी संवाद होतो ती माणसे यांच्यासारखीच थोडी वरच्या थरातली. तिसरे, आणि या भाषणातले सर्वांत तीक्ष्ण म्हणणे, श्रोत्यांच्या प्रामाणिकपणाविषयी आहे. या परिषदेने आपल्या कार्याची स्वतःच परीक्षा केली होती, त्यातील उणिवा मान्य केल्या होत्या, आणि मग पुढल्या उन्हाळ्याची तयारी आरंभिली होती. दोष कळूनही तेच करीत राहणे याला इलिच दांभिकपणा म्हणतो. आणि दोषांची ती कबुली, त्याच्या मते, काम चालू ठेवण्याचा परवाना होऊन बसते.

हे तिसरे म्हणणे वाचताना आजही वाचक अस्वस्थ होतो. पहिल्या दोहोंना उत्तरे आहेत. भाषा शिकता येते. साधी राहणीही पत्करता येते. तिसऱ्याला मात्र अधिक चांगले नियोजन हे उत्तर होऊ शकत नाही, कारण चांगले नियोजन हाच तर त्या आरोपाचा विषय आहे. भाषणाचा काळही ध्यानात ठेवावयास हवा. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती, अमेरिकेची शहरे पेटली होती, व्हिएतनाममध्ये युद्ध चालू होते. स्वतःच्या गावातील निग्रो वस्त्यांत पाऊल न टाकणारी मुले मेक्सिकोतील दारिद्र्य शोधीत जातात, ही गोष्ट त्या एप्रिलमध्ये इलिचला असह्य झाली असल्यास नवल नाही. गरिबांत काम करावयाचेच असेल तर आपल्या देशात करा, कारण तेथील गरीब तुम्हांला तुमच्याच भाषेत हाकलून देऊ शकतील, असा त्याचा सल्ला होता. भाषणातील पुष्कळसा गडगडाट बाजूला सारला तर मागे उरते ते हे एक वाक्य. ज्याला आपली मदत नाकारता येते त्याचीच मदत करावी, असा त्याचा अर्थ.

तथापि या भाषणात एक मोठी उणीव आहे आणि ती इलिचच्या चाहत्यांनी सहसा बोलून दाखविलेली नाही. त्यात सेवक आहेत, खेडूत आहेत, श्रीमंत राष्ट्रे व गरीब राष्ट्रे आहेत. वर्गात बसलेले मूल मात्र कोठेच नाही. खेडुताला परक्याला घालवून देता येत नाही हे खरे; पण दहा वर्षांच्या पोराला तर आपल्या देशीच्या, आपल्या भाषेच्या गुरुजींनाही घालवून देता येत नाही. नकाराच्या सामर्थ्यावर उभा केलेला सिद्धांत मुलांपाशी येऊन अडतो. शिवाय सगळे परके एका मापाने मोजल्यामुळे, बोलाविलेला आणि न बोलाविता आलेला यांतील भेद इलिचला दिसत नाही.

तो भेद मोठा आहे. १९६१ मध्ये केनेडींनी पीस कोअर ही स्वयंसेवकांची संस्था स्थापिली तेव्हा तिची पहिली तुकडी त्या वर्षीच्या ३० ऑगस्टला घानाची राजधानी आक्रा येथे उतरली. सुमारे पन्नास जण होते, आणि ते माध्यमिक शाळांत शिकविण्यासाठी आले होते. स्वतंत्र होऊन अवघी चार वर्षे झालेल्या त्या देशाच्या सरकारने शिक्षक मागितले होते. शाळा भराभर उघडत होत्या आणि शिकविणारे पुरे पडत नव्हते. विमानतळावर या मंडळींनी त्वी भाषेतील एक गीत म्हणून दाखविले, असे त्या प्रसंगाचे वृत्त आहे. गीत पाठ केलेले असणार. पण ज्याच्या घरी जावयाचे त्याच्या भाषेतले चार शब्द पाठ करून जाणे आणि तोंड उघडताच आपली भाषा सुरू करणे यांत अंतर आहे. या शिक्षकांना दोन वर्षांची मुदत होती, वेळापत्रक होते, वर मुख्याध्यापक होता. इलिचचे भाषण त्यांना लावावयाचे म्हटले तर निम्मे लागत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात नायजेरियातील इबादान येथे जे घडले ते मात्र इलिचच्या बाजूने साक्ष देते. तेथे प्रशिक्षण घेत असलेल्या एका अमेरिकन स्वयंसेविकेने घरी धाडावयाच्या पोस्टकार्डावर आसपासच्या मागासलेल्या राहणीचे वर्णन लिहिले. ते कार्ड वाटेत पडले आणि विद्यापीठातील नायजेरियन विद्यार्थ्यांच्या हाती लागले. त्यांनी त्याच्या प्रती काढून वाटल्या, निषेधाची सभा भरविली, आणि प्रकरण थेट वॉशिंग्टनपर्यंत गेले. ती तरुणी परत गेली. पोस्टकार्डात दुष्टपणा नव्हता. परक्या गावी पहिल्यांदा आलेला कोणीही घरच्यांना असेच काही लिहितो. फरक इतकाच पडला, की ज्यांच्याविषयी लिहिले होते त्यांना इंग्रजी वाचता येत होते.

येथे कायद्याच्या एका जुन्या प्रकरणाची आठवण होते. वाचकांनी वकिलाची खोड म्हणून ती सोसून घ्यावी. शेजारी परगावी गेलेला आहे, पावसाने त्याच्या घराची भिंत खचू लागली आहे, त्याला विचारावयास सवड नाही, आणि आपण गवंडी बोलावून भिंत सावरून धरली. आपल्याला कोणी सांगितले नव्हते. मग हे उपकार, की आगंतुकपणा? इंग्लंडच्या कायद्याचा कल पूर्वापार असा, की न बोलाविता दुसऱ्याच्या कामात हात घालणाऱ्याला तो फारसे जवळ करीत नाही. रोमन कायद्याने मात्र या माणसासाठी एक वेगळे प्रकरण लिहिले. पुढे ते फ्रान्सच्या १८०४ च्या संहितेत आले आणि पोर्तुगालच्या १८६७ च्या दिवाणी संहितेतही आले, म्हणून गोव्यातील जुन्या वकिलांना ते परिचित आहे. त्या प्रकरणाचा सारांश असा: न मागता दुसऱ्याचे काम हाती घेणे हा गुन्हा नव्हे, पण एकदा घेतले, की मालक येऊन स्वतः ते सांभाळू लागेपर्यंत मधेच टाकून जाता येणार नाही. निष्काळजीपणा झाला तर भरपाई द्यावी लागेल. झालेल्या कामाचा हिशेब मालकापुढे ठेवावा लागेल. त्या कामातून स्वतःस जे काही प्राप्त झाले असेल ते मालकाच्या स्वाधीन करावे लागेल. आणि मालकाने नको म्हटले, की अधिकार संपला.

इलिचची भूमिका इंग्लंडच्या कायद्याजवळची आहे: न बोलाविता येऊच नका. विद्यार्थ्यांची भूमिका अशी, की आमचा हेतू पाहा. आता हेतू निर्मळ असला म्हणजे माणूस फौजदारीतून सुटतो. दिवाणीतून तो सुटेलच असे नाही. या दोहोंमधली रोमन वाट मला अधिक न्यायाची वाटते, कारण तिच्यात येणाऱ्याला मज्जाव नाही आणि आल्यावर सुटकाही नाही. परदेशात गरीब मुलांना शिकविण्यासाठी गेलेल्या तरुणांनी लिहिलेली जी पुस्तके आहेत, तीही याच कसोटीवर वाचावीत. त्यांत करुणा किती, निसर्गवर्णन कसे, याहून त्यांत हिशेब किती हा प्रश्न आधीचा.

जॉर्ज पॅकर याचे १९८८ चे पुस्तक या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशात, लाव्हिए नावाच्या गावी, १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत तो पीस कोअरतर्फे इंग्रजीचा शिक्षक होता. एवे भाषेत त्या गावनावाचा अर्थ ‘थोडे थांबा’ असा होतो आणि पॅकरने पुस्तकाच्या नावात तोच उतरविला आहे. परिस्थिती पाहा. मुले घरी एवे बोलतात, शाळेत फ्रेंचमधून शिकतात, आणि त्यांना तिसरी भाषा शिकवावयास अमेरिकेहून हा तरुण आला आहे. त्या इंग्रजीचा गावात उपयोग काय, हे शिक्षकाला सांगता येत नाही आणि विद्यार्थ्यांना विचारता येत नाही. पुस्तकाचे बळ असे, की पॅकर हे लपवीत नाही. गर्दीचे वर्ग, घोकंपट्टी, हुकूमशहाच्या नावाचा उदोउदो, आणि या सगळ्यांत आपण नेमके कशासाठी आहोत याचा दिवसेंदिवस अंधुक होत जाणारा पत्ता, हे तो धीमेपणाने मांडतो. गावातील माणसे त्याच्या पुस्तकात दीनवाणी होऊन येत नाहीत. ती हट्ट करतात, रुसतात, त्याला फशीही पाडतात. मुदत पुरी होण्याआधीच तो परतला. रोमन नियमाप्रमाणे ही त्याची चूक ठरते. परंतु ती त्याने पानांआड दडवून ठेवली नाही, आणि म्हणून हे पुस्तक हिशेब या पदवीला पोहोचते. जमेपेक्षा खर्च अधिक निघालेला हिशेबसुद्धा हिशेबच असतो.

पॉल थेरू याची गोष्ट निराळी. १९६३ च्या अखेरीस तो पीस कोअरचा शिक्षक म्हणून न्यासालँडमध्ये गेला. पुढच्याच वर्षी तो देश मालावी या नावाने स्वतंत्र झाला. सोचे हिल येथल्या विद्यालयात तो शिकवीत असे. पंतप्रधान बांडा यांच्या एका विरोधकाला मदत केल्यावरून १९६५ मध्ये त्याची हकालपट्टी झाली, तेव्हा काम मधेच टाकल्याचा ठपका त्याच्यावर ठेवता येत नाही. छत्तीस वर्षांनी, २००१ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, कैरोपासून केपटाउनपर्यंत जमिनीवरून प्रवास करीत तो पुन्हा सोचे हिलला आला. आपल्या जुन्या शाळेत काही दिवस शिकवावे आणि वाढदिवस तेथे साजरा करावा असा त्याचा मानस होता. त्याला दिसली ती पडझड झालेली घरे आणि पुस्तकांवाचून ओस पडलेले ग्रंथालय. या प्रवासाचे त्याचे पुस्तक २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा निष्कर्ष इलिचच्या जवळ जाणारा आहे: परक्यांच्या मदतीने काही उभे राहत नाही, तेथील लोकांनीच ते करावयास हवे.

थेरूची लेखणी मोठी सफाईदार आहे आणि त्या सफाईचीच मला धास्ती वाटते. ओस पडलेले कपाट हा पुरावा कशाचा? ग्रंथालयाला पैसे न पुरविणाऱ्या सरकारचा असेल. तेथील शिकल्यासवरल्या लोकांनी पोटापाण्यासाठी देश सोडल्याचाही असेल. १९६४ साली त्याच्या वर्गात बसलेल्या मुलांचे काय झाले, हा प्रश्न त्या कपाटाला विचारून भागत नाही. शिक्षकाच्या कामाचा हिशेब इमारतीत नसतो. कोणी मास्तर झाला असेल, कोणी कारकून; कोणी शिकलेले सगळे विसरून शेती करीत असेल आणि आपल्या मुलीला मात्र शाळेत घालीत असेल. हा शोध कंटाळवाणा असतो, वर्षानुवर्षे चालतो, आणि त्यातून प्रवासवर्णन निघत नाही. त्याच्या जागी थेरू आपली निराशा ठेवतो. ती खरी आहे, पण ती त्याची स्वतःची आहे. शिवाय छत्तीस वर्षे मधे लोटल्यावर आपण पुन्हा चार दिवस येऊन वर्ग घ्यावा आणि तो कोणी आनंदाने भरवून द्यावा, या अपेक्षेत जो जुना स्वयंसेवक दडला आहे तो त्याच्या तीक्ष्ण नजरेतून सुटला आहे.

ओघात आले म्हणून आपल्याकडचे एक उदाहरण नोंदवून ठेवतो. पीस कोअर भारतात १९६१ ते १९७६ या काळात होते. त्यातर्फे मुंबईजवळ विक्रोळीला १९६६ ते १९६८ या काळात एक अमेरिकन बाई काम करीत होत्या. वय अडुसष्टच्या घरात, शिक्षण परिचारिकेचे. नाव लिलियन कार्टर. पुढे त्यांचे चिरंजीव अमेरिकेचे अध्यक्ष झाले तेव्हा, १९७७ मध्ये, त्यांची येथून घरी लिहिलेली पत्रे पुस्तकरूपाने आली. बाई शिक्षिका नव्हत्या आणि विद्यार्थिनी तर नव्हत्याच, म्हणून त्या आपल्या विषयात बसत नाहीत. परंतु हाताला एक शिकलेली विद्या असणे, वरती एक डॉक्टर असणे, आणि दोन वर्षे तेथेच राहणे, या तीन साध्या गोष्टींनी केवढा फरक पडतो ते त्या पत्रांच्या संदर्भात कळते.

कारण इलिचच्या भाषणानंतरच्या अर्धशतकात गोष्ट नेमकी उलट्या दिशेने गेली. मुदत दोन वर्षांची होती ती दोन महिन्यांवर, मग दोन आठवड्यांवर आली. ब्रिटनमध्ये १९५८ साली सुरू झालेल्या स्वयंसेवी संस्थेने आरंभी शाळा नुकतीच संपविलेली अठरा वर्षांची मुले परदेशी धाडली, पण लौकरच पदवीधर व पुढे अनुभवी माणसे धाडण्याकडे ती वळली. तिने सोडलेली ती कोवळी मुले आता व्यापाऱ्यांनी उचलली. विद्यार्थी पैसे भरतो, कंपनी त्याला एखाद्या गरीब देशातील शाळेत किंवा अनाथालयात नेऊन पोहोचविते, तेथे तो इंग्रजी शिकवितो, आणि प्रमाणपत्र घेऊन परततो. ज्या देशातून तो आला तेथे पात्रतेवाचून व पोलीस-चौकशीवाचून त्याला एखाद्या वर्गाचा ताबा मिळाला नसता. येथे तो सहज मिळतो. त्याच्या आधी आलेल्याने मुलांना कोठवर आणले होते याची नोंद नसते, म्हणून नवा आलेला पुन्हा वर्णमालेपासून आरंभ करतो. मुलांना लळा लागतो, तो पंधरवड्यात तुटतो, आणि पुढच्या सोमवारी नव्याने लावावा लागतो.

कंबोडियात याचे टोक दिसले. युनिसेफने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की तेथील अनाथालयांची संख्या २००५ ते २०१० या पाच वर्षांत झपाट्याने वाढली होती आणि त्यांत राहणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश मुलांचे आई-वडिलांपैकी एक तरी हयात होते. अनाथ वाढले नव्हते. अनाथांना भेटावयास येणारे वाढले होते. घरी ठेवून जे मूल कोणाला उत्पन्न देत नव्हते ते अनाथालयात ठेवले की देऊ लागले, आणि शिक्षण मिळेल या आशेने आई-बापांनी ते धाडले. नेपाळातही डोंगराळ भागांतून मुले अशीच काठमांडूकडे आणली गेली. मागणी पुरवठा निर्माण करते हा बाजाराचा नियम येथे मुलांना लागला. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ च्या अहवालात या व्यापाराचा आधुनिक गुलामगिरीच्या सदरात विचार केला; संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०१९ मधील बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतील अशा स्वयंसेवेचे धोके नमूद केले. इलिचने १९६८ मध्ये नुकसान हा शब्द वापरला तेव्हा तो श्रोत्यांना अतिशयोक्तीचा वाटला असेल. मेक्सिकोच्या खेड्यांपुरता तो कदाचित होताही. नॉम पेन्हच्या अनाथालयांपुरता तो सौम्य आहे.

आपल्या समाजात विद्यादान या शब्दाला फार मोठा मान आहे, आणि त्यामुळे या विषयावर बोलताना आपली एक गफलत होण्याचा संभव असतो. विद्यादान म्हटले, की देणारा आपोआप मोठा ठरतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाची प्रतवारी केली आहे, ती मात्र देणाऱ्याच्या उमाळ्यावर नाही. स्थळ, काळ व घेणारा यांचा विचार तेथे आहे आणि परतफेडीची अपेक्षा नसणे ही सात्त्विक दानाची अट आहे. सुटीतल्या शिक्षकाला परतफेड मिळते, आणि ती हातात मावणार नाही एवढी: अनुभव, प्रमाणपत्र, पुढील प्रवेश-अर्जात लिहावयास एक परिच्छेद, छायाचित्रे. रोमन नियमाने ही प्राप्ती मालकाची, म्हणजे त्या मुलांची, ठरली असती. तेथे विद्या खऱ्या अर्थाने कोण घेतो, हा प्रश्न विचारला तर उत्तर बहुधा उलटे येईल.

गोव्यात पोर्तुगीज अमदानीत कितीएक मराठी शाळा देवळांच्या अग्रशाळांत भरत. तेथला पंतोजी विद्वान असेच असे नाही, आणि त्याच्या छडीच्या आठवणी जुन्या माणसांच्या तोंडून सुखाच्या निघत नसत. पण तो गावाच्या शिध्यावर जगत असे, गावातच राहत असे, आणि शिकविणे बिघडले तर देवळाच्या चौकात त्याला चार माणसे जाब विचारीत. त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक शिकलेला, कितीतरी अधिक मायाळू असा परदेशी विद्यार्थी त्या मुलांच्या आई-बापांना काही देणे लागत नाही; त्याला धाडणाऱ्या संस्थेचा हिशेब त्याच्याशी असतो, कारण पैसे त्याने भरलेले असतात.

इलिचने त्या मुलांना सर्वस्वी मना केले असा एक समज आहे; तो भाषण न वाचता झालेला असावा. पाहावयास या, प्रवासाला या, शिकावयास या, याला त्याची ना नव्हती. उपकार करणारे म्हणून येण्याला होती. हा भेद वरवर शब्दच्छल वाटतो. पण ज्याने आपण शिकावयास आलो असे मान्य केले, त्याला वर्गात फळ्यापाशी उभे राहता येत नाही. त्याला मुलांशेजारी बाकावर बसावे लागते, आणि तेथील गुरुजींच्या परवानगीने. गावातील शिक्षकाला सुटी घेऊन आपले शिक्षण वाढविता यावे म्हणून त्याच्या हाताखाली वर्षभर पडेल ते काम करणारा परदेशी विद्यार्थी इलिचला चालला असता की नाही, हे भाषणावरून सांगता येत नाही. मला तो चालेल.

हे भाषण आता स्वयंसेवकांच्या तयारीच्या शिबिरांतून सर्रास वाचावयास दिले जाते. इंग्रजी विद्यापीठांत सेवेतून शिक्षण या नावाने जे वर्ग चालतात त्यांत ते नेमलेले असते. विद्यार्थी ते वाचतात, मंडळ करून बसतात, त्यातील कोणता आरोप आपल्याला लागतो यावर मोकळेपणाने बोलतात, टिपणे लिहितात. त्या टिपणांवर गुण मिळतात. मग उरलेल्या दिवसांत लशी टोचून घेणे, व्हिसाची कागदपत्रे, सामान बांधणे ही कामे असतात.